विकलेल्या घरांचा नकाशा

"लाल म्हणजे विकलेली?"

"लाल म्हणजे विकलेली, आत्या. जितका रंग गडद तितकी किंमत जास्त."

रविवारची प्रार्थना आटोपून माणसं चर्चसमोरच्या चौकात आली होती. विल्फ्रिदो कारास्किया आपल्या नकाशाशेजारी नवरदेवासारखा उभा होता. कार्ताहेना शहरातल्या एका कंत्राटदाराकडे त्याने जन्मभर लोकांच्या न्हाणीघरांचे आणि पन्हाळींचे आराखडे काढले होते. घरांच्या खरेदीविक्रीच्या नोंदी सरकारने इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुल्या केल्याचं कळलं, तेव्हा त्याच्या अंगात वारं शिरलं. रोज संध्याकाळी बसून त्याने जुन्या मोहल्ल्यातलं विकलं गेलेलं एकेक घर लाल केलं. विकणाऱ्यांना लाज वाटावी, एवढाच हेतू.

"हा बघा आर्नुल्फो," त्याने काठी टेकवली. "आजीचं घर फुंकलं आणि मोटार घेतली. आता झोपतो कुठं, डिकीत?"

डॉमिनो खेळणारे म्हातारे खो-खो हसले. आर्नुल्फो तिथे नव्हता. लाल घरांतलं कुणीच तिथे नव्हतं, त्यामुळे विल्फ्रिदोची जीभ सैल सुटली होती. अमकी बाई हावरट, तमका गडी बायकोच्या ताटाखालचं मांजर, तमकं कुटुंब तर आधीपासूनच विकाऊ.

एदिल्मा आत्या मात्र नकाशाला नाक लावून उभी होती. गवंड्यांच्या गल्लीत, स्वतःच्या दाराशी आरेपा, म्हणजे अंडं भरलेल्या मक्याच्या पुऱ्या, तळून तिने संसार ओढला होता. तिने कोपऱ्यातल्या घरावर बोट ठेवलं.

"हे तुझ्या बापाचं. इथंच जन्मलास तू. हे पांढरं कसं रे?"

विल्फ्रिदोने घसा खाकरला. "माहिती दोन हजार पंधरापासूनची आहे, आत्या. आम्ही ते त्याच्या आधीच विकलं..."

"म्हणजे आधीची पापं माफ! पोपना कळव, त्यांचं काम हलकं होईल."

यावेळी म्हातारे जास्तच हसले. विल्फ्रिदोच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"आणि हे माझं. हेही पांढरं?"

"तू विकलं नाहीस ना. न विकलेल्याची नोंद कशी असणार?"

"छान. जन्म काढला त्याची नोंद नाही. निघून गेले असते तर रंग मिळाला असता." ती काहीच घडलं नसल्यासारखी शांतपणे आरेपा तळायला निघून गेली.

लोकांनी वाहवा केली म्हणून विल्फ्रिदोने तो नकाशा इंटरनेटवरही टाकला. कुठल्या कुठल्या शहरांतून शाबासकी आली. तो बायकोला रोज वाचून दाखवायचा. ती बिचारी भांडी घासत हूं हूं म्हणायची.

महिनाभरात आत्याच्या दाराशी पांढऱ्या सदऱ्यातला एक दलाल आला. हातात नकाशाची छापील प्रत.

"सेन्योरा, डावीकडचं घर आमच्या हॉटेलनं घेतलंय, उजवीकडचंही. मधे तुमचंच तेवढं राहिलंय."

आत्याने त्याला हाकलून दिलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, मग वकिलाला घेऊन आला. नवऱ्यामागे घराचा अर्धा हिस्सा मुलाच्या नावावर होता. तो हायरो पनामात बांधकामावर राबायचा. त्यांनी त्याला फोनवर गाठलं. हायरोने आईला फोन केला, रडला, आणि हो म्हणाला.

विल्फ्रिदो धावत आला. "आत्या, सही करू नकोस! मी नकाशा काढून टाकतो."

"काढ की. त्यांनी छापून घेतलाय." कढईतलं तेल निथळवत ती म्हणाली, "इतकी वर्षं त्यांना माझं दार दिसलं नव्हतं रे. तुझ्या कागदावर माझं घर म्हणजे लाल हिरड्यांत उरलेला एकुलता दात. बघणाऱ्याला उपटावासाच वाटणार."

"मी तर विकणाऱ्यांना लाज वाटावी म्हणून..."

"वाटली का कुणाला?"

तिने कढई पालथी घातली.

"ते कधीच गेले. मागे राहिलो होतो आम्ही, आणि बोट दाखवलंस ते आमच्याकडे. हायरोला मी दोष देत नाही. तो मला पोसतो. तू काय करतोस? रंगवतोस."

सामान हलवायच्या दिवशी विल्फ्रिदो जुना सदरा घालून आला. टेम्पो गल्लीत शिरत नव्हता. हमाल एकेक वस्तू गल्लीच्या तोंडाशी आणून ठेवत होते. त्याने गॅसच्या शेगडीला हात घातला.

"राहू दे," आत्या म्हणाली. "जड आहे. तुला सवय नाही."

ती खुर्ची टाकून सामानात बसली. तुर्बाको गावी बहिणीकडे जायचं होतं. तेवढ्यात छत्री उंच धरून एक गाईड पर्यटकांचा घोळका घेऊन आला. मोहल्ल्यातली अस्सल माणसं बघा, असं काहीसं तो म्हणाला. घोळक्याने मोबाइल वर धरले. विल्फ्रिदो मधे येत होता.

"साहेब, जरा बाजूला. फोटोत येताय."

विल्फ्रिदो बाजूला झाला.

आत्याने ते पाहिलं. ती गुडघ्यांवर हात टेकून उठली. खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि पुन्हा बसली, पाठ ताठ, हात मांडीवर. घोळका थोडा वेळ वाट पाहत थांबला. मग त्यांनी तिच्या पाठीचेच फोटो काढले.