तांब्याच्या तारेवरचं वार्निश

टायर रिममधून सुटत नसला की घण त्याला लाथ घालायचा, आणि गिऱ्हाईक जास्त बोललं तर गिऱ्हाइकालाही. टायरच्या दुकानात सगळे त्याला घणच म्हणत, अर्थात त्याच्या पाठीमागे. एका ट्रकवाल्याला त्याने पान्ह्याने असा बडवला होता, की बिचाऱ्याचे दात हवेच्या नळीपाशी सापडले. घरीही हा गडी काही वेगळा नव्हता. त्याने बायकोचं मनगट मोडलं, तेव्हा ती जी माहेरी गेली ती वर्षभर फिरकली नाही.

शेवटी तिचा भाऊच तिला घेऊन आला. घणला समोर बसवून त्याने स्वच्छ सांगितलं, "दाजी, पुन्हा हात उचललात तर ताई जाईल. मग पाय धरलेत तरी यायची नाही."

घणने मान डोलावली. तिच्यावाचून घर खायला उठत होतं, पण ते बोलून दाखवायला त्याची जीभ रेटली नाही.

मेहुण्याला हौशी रेडिओचं वेड होतं. जाताना त्याने टेबलावर एक खोका ठेवला. आत सर्किटची हिरवी पट्टी, तांदळाएवढाले सुटे भाग आणि तांब्याची तार. सगळं जोडलं की दूरदूरच्या माणसांशी बोलता येईल असा संच तयार व्हायचा.

"आधी फक्त ऐकण्याचा भाग जोडा," मेहुणा म्हणाला. "बोलायला परवाना लागतो, ऐकायला लागत नाही. दर रविवारी सकाळी मी माझ्या संचावरून हाक मारतो. हातांना जरा बारीक कामाची सवय लागू दे."

हे घणला थोबाडीत बसल्यासारखं वाटलं. तरी इरेला पेटून तो कामाला बसला. जोड डागायच्या तापल्या सोल्डरिंग आयर्नने बोट भाजलं की पट्टीच्या आईबापांचा उद्धार व्हायचा. एक भाग उलटा बसला, तेव्हा त्याने तो उपटून दाताखाली चिरडला. नशिबाने मेहुण्याने जास्तीचे दिले होते. मग आली कॉइल. अंगठीएवढ्या कडीतून केसासारखी तार पुन्हा पुन्हा ओवून घट्ट गुंडाळायची. तार तुटली. परत तुटली. घणने कडी भिंतीवर फेकून मारली.

"द्या इकडे," म्हणत बायकोने ती उचलली. घणने कागद वाचून फेरे सांगितले, तिने ते मोजत गुंडाळले, आणि तारेची टोकं घणने स्वतः पट्टीला जोडली. त्या संध्याकाळी दोघं चक्क हसली.

रविवारी हेडफोन लावून घण बसला. बटण फिरवलं. आवाज नाही. सगळे जोड पुन्हा तापवले. ठार बहिरा संच. मेहुण्याची हाक मारण्याची वेळ निघून गेली आणि घणच्या मानेची शीर फुगली.

"फेरे चुकवलेस तू!"

"दोनदा मोजलेत मी."

"उलट बोलतेस?"

पंजा तिच्या डाव्या कानावर बसला. ती टेबलावर आदळली, तिथून खाली. घण आणखी एक लाथ घालणार होता. पण तिने पोटाशी गुडघे घेतले आणि त्याच्याकडे बघत राहिली, तेव्हा कुठे त्याला मेहुण्याची अट आठवली. त्याची पाचावर धारण बसली.

पण ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक झाला, तिसऱ्या दिवशी कपडे धुतले गेले. बोलणं तेवढं बंद होतं. चला, निभावलं, असं घणने स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते सांगू शकतो.

शनिवारी, तिची चूक तिच्या पदरात घालायला, त्याने चिमट्याचं टोक टेकवून फेरे मोजले. बरोबर होते. चिडून त्याने तार ओढली, तर ती जोडातून अलगद बाहेर आली. टोकावर लालसर चकाकी तशीच होती. या तारेवर वार्निश असतं. ते खरवडल्याशिवाय वीज जात नाही, असं कागदावर ठळक लिहिलं होतं. वर वर जोड झकास, आत काहीच जोडलेलं नाही.

त्याने टोकं ब्लेडने खरवडली, रविवारी सकाळी उठून पुन्हा जोडली, आणि हेडफोनमधून मेहुण्याची हाक खणखणीत आली. घण पोरासारखा नाचला.

"अगं, ये! तुझे फेरे बरोबर होते, मीच वार्निश खरवडायला विसरलो!" असं हसत सांगून त्याने हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला.

तिने डाव्या कानावरचा भाग दाबून पाहिला. "डावीकडे येत नाही."

"च्यायला या हेडफोनच्या!" त्याने तो हिसकावला, वायर पिळली, टेबलावर आपटला, आणि डावी-उजवी बाजू बदलून पुन्हा तिला घातला. "आता?"

"आताही डावीकडेच येत नाही."

घणचं हसू तोंडातच राहिलं.

"आठवडाभर मी भावाला काही सांगितलं नाही," ती म्हणाली. "म्हटलं, फेरे मीच चुकवले असतील."

तो कान बघायला त्याने हात पुढे केला. तिने झटक्यात टेबलावरचं अजून तापलेलं सोल्डरिंग आयर्न उचललं आणि त्याच्या मनगटावर दाबलं. कातडी चरचरली. भाजल्याचा वास खोलीभर पसरला. तो गुडघ्यावर बसला, मनगट छातीशी धरून.

"मारायला नव्हता उचलला गं," तो कळवळून म्हणाला.

"ते मला कसं कळावं?" तिने विचारलं, आयर्न बंद केलं आणि पिशवी भरायला आत गेली.