पंचफुलाबाईंचं रक्त माझ्याकडे आलं तेव्हा

मित्रांनो, मी रक्त तपासणारं एक जुनं यंत्र आहे. नागपूरला नंदनवन नावाच्या वस्तीतल्या एका छोट्या दवाखान्यात माझं टेबल आहे. एका दूरच्या कारखान्यात माझा जन्म झाला. थर्माकोलच्या खोक्यात बसून मी इथे आलो, तेव्हा मला बघायला सगळा दवाखाना गोळा झाला होता.

माझं काम सोपं आहे. इथल्या तंत्रज्ञ मेघाताई रक्तातलं पिवळसर पाणी वेगळं करतात आणि त्यात औषध मिसळतात. त्याला रंग चढतो. मी ते बारीक नळीने ओढून घेतो, त्यातून प्रकाश सोडतो आणि रंग किती गडद आहे त्यावरून माप सांगतो. साखर, यूरिया, यूरिक ॲसिड, सगळं मी असंच ओळखतो.

मागच्या उन्हाळ्यात उमरेडहून पंचफुलाबाईंना इथे आणलं. लघवीच्या संसर्गाने त्यांना जबर ताप होता. सोबत होते त्यांचे यजमान जागेश्वरजी, कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. सलाइन लागलं, औषधं सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला. जागेश्वरजींनी लगेच पिशवी भरायला घेतली.

तेवढ्यात मेघाताईंनी बाईंचा नमुना माझ्यापुढे धरला. गुलाबी रंग फारच गडद होता. यूरिक ॲसिड कालच्यापेक्षा बरंच वाढलेलं होतं. मेघाताईंच्या कपाळाला आठी पडली. "म्हाताऱ्या, चुकून तर नाही ना राहिला तू?" असं म्हणत त्यांनी माझी नळी धुतली, ज्याचं माप आधीच ठाऊक आहे असं पाणी माझ्याकडून मोजून घेतलं. ते बरोबर आलं. मग बाईंचा नमुना पुन्हा लावला. आकडा तोच! मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं यूरियाचं मापही चढलेलंच होतं. मेघाताई जवळजवळ धावतच डॉक्टर सरिता मॅडमकडे गेल्या.

माझ्या खोलीचं दार उघडंच होतं. समोरच्या वॉर्डातलं बोलणं मला ऐकू येत होतं.

"मॅडम, ताप तं उतरला. आता काहून ठेवून राहिले तिले?" जागेश्वरजी म्हणाले. "अन् यूरिक ॲसिड म्हणजे तं सांधेदुखी. तिचे गुडघे एकदम बरोबर आहेत!"

"काका, सांधेदुखीत ते वाढतं, खरं आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पण एवढ्या मोठ्या आजारात ते वाढलं तर वेगळी काळजी असते. शरीरातल्या पेशींची मोडतोड होते, त्यातून ते तयार होतं. मूत्रपिंड थकलं की ते बाहेरही पडत नाही. नुसत्या एका आकड्यावर मी अडवत नाही. काकूंना लघवी कमी होतेय, श्वास जोरात चाललाय. ताप उतरला, पण आजार उतरला नाही."

"आवो, ऐका ना मॅडमचं," पंचफुलाबाई क्षीण आवाजात म्हणाल्या. "मलेच बरं वाटून नाही राहिलं."

जागेश्वरजी खुर्चीवर बसले. पिशवी त्यांनी पलंगाखाली सरकवली.

बाईंना लगेच आमच्याच छोट्या अतिदक्षता विभागात हलवलं. दुपारी त्यांचा रक्तदाब एकदम खाली गेला. त्या वेळी त्या उमरेडच्या बसमध्ये असत्या तर? मी यंत्र आहे, तरी तो विचार मला नकोसा होतो. इथे मात्र सगळी माणसं जवळ होती, औषधं हाताशी होती. मग रोज त्यांचा नमुना येत राहिला आणि रोज गुलाबी रंग थोडा फिका होत गेला. इतका आनंद मला नवा असतानाही झाला नव्हता.

घरी जाताना पंचफुलाबाई मुद्दाम मला बघायला आल्या. "हेच का वं ते?" त्यांनी विचारलं.

"हेच, काकू," मेघाताई म्हणाल्या.

"दिसते तं मिक्सरवानी!"

जागेश्वरजींसकट सगळे हसले. मित्रांनो, एवढं छान कौतुक माझं कधीच झालं नव्हतं.

आता शेजारी मोठं, नवं यंत्र आलं आहे. बरीचशी कामं तेच करतं. कधी कधी दिवसभर मी झाकलेलाच असतो. पण ते अडलं की मेघाताई माझं झाकण काढतात आणि मी लगेच तयार असतो. मला वाईट वाटत नाही. एकच मागणं आहे. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी माझ्यासारख्या यंत्राजवळ काम करणार असेल, तर त्याची नळी रोज नीट धुवा, शंका आली तर कंटाळा न करता पुन्हा मोजा. बाहेर बाकावर कोणीतरी आपल्या माणसासाठी थांबलेलं असतं.