माझा खालचा कप्पा

मित्रांनो, मी हत्यारांची एक जुनी पत्र्याची पेटी आहे, आणि स्वभावाने संशयी आहे. राग मानू नका. जिच्या पोटात वर्षानुवर्षं चोरून वस्तू ठेवल्या गेल्या, ती आणखी कशी होणार?

मला आमच्या मिस्त्रींच्या वडिलांनी घडवलं. ते पत्र्याची कामं करत. मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला, तेव्हा त्यांनी मला हिरवा रंग दिला, पितळी कडी बसवली आणि दोन कप्पे केले. वरच्या तबकात पक्कड, टेस्टर आणि लहान पाने. तबक उचललं की खाली जड सामान. "वरचं हाताशी ठेव, खालचं जपून ठेव," असं ते मुलाला म्हणाले होते. बिचाऱ्यांना काय ठाऊक!

पहिली वर्षं फार सुखाची गेली. अडकलेल्या लिफ्टमधून माणसं सुखरूप बाहेर आली की ती मिस्त्रींचे आभार मानत आणि कुणीतरी माझ्याही झाकणावर थाप मारत असे. मग एके दिवशी तेलकट फडक्यात गुंडाळलेली बाटली माझ्या खालच्या कप्प्यात आली. आधी ती पाहुणी होती, नंतर तिने मुक्कामच ठोकला. तिला जागा व्हावी म्हणून मोठा पाना घरी राहू लागला. मिस्त्रींचा हात थरथरू लागला, तसं साहेबांनी त्यांना जोखमीच्या कामावरून काढून किरकोळ कामं दिली. घरी शपथा झाल्या. एक नाही, दहा. दहाही मी ऐकल्या आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी बाटलीही मीच वाहिली.

शेवटी मालकीणबाईंनी, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोने, पोरीचे कपडे एका बॅगेत भरले आणि बॅग कपाटावर ठेवली. "आता शपथ नको," त्या म्हणाल्या. "पुन्हा एक खोटं सापडलं, की मी पोरीला घेऊन दादाकडे जाणार."

बाटली गेली. मी म्हटलं, नव्याचे नऊ दिवस! दहाव्या दिवशी मिस्त्री कामावरून सुटले, पण घराच्या रस्त्याला लागले नाहीत. दवाखान्याच्या फळ्यावरून उतरवून घेतलेला एक पत्ता त्यांच्या खिशात होता. तिथे पोचलो तर दाराला कुलूप.

"ते दारू सोडणारे लोक ना?" पहारेकरी म्हणाला. "ते कधीच गेले इथून. वाचनालयाच्या मागे बसतात आता."

समोरच दारूचं दुकान होतं. झालं, आता पाय तिकडे वळणार, अशी माझी खात्रीच होती. मिस्त्री बराच वेळ उभे राहिले आणि मग वाचनालयाकडे निघाले. तिथेही आत शिरेनात. तीन फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीत मी त्यांच्या गुडघ्यावर आपटत होते.

"कोण हवंय?" दारातून जाड चष्म्याच्या एका बाईंनी विचारलं.

"लिफ्ट बघायला आलोय," मिस्त्री म्हणाले.

इमारत एकमजली होती. मित्रांनो, पत्र्याची असूनही मला लाज वाटली. बाई मात्र हसल्या नाहीत. "लिफ्ट नाही हो इथे. पण बसा. मी पहिल्यांदा आले, तेव्हा विजेचं मीटर बघायला आले होते."

आत गोल मांडलेल्या खुर्च्या होत्या. मी एकीखाली कान टवकारून बसले. एक बसचालक बोलता बोलता रडला, कुणी त्याला उपदेश केला नाही. सगळ्यांना चहा मिळाला. फुकट चहा पाजणाऱ्यांवर माझा भरवसा नाही. आता हे काहीतरी गळ्यात मारतील, म्हणून मी वाट पाहिली. तासाभराने त्यांनी कप विसळले, खुर्च्या रचल्या आणि काहीही न विकता ते घरी गेले. तेव्हा तर माझा संशय आणखीच बळावला.

निघताना बाईंनी बैठकींचे वार आणि पत्ते छापलेली एक पुस्तिका दिली. मिस्त्रींनी काय केलं असेल? ती त्याच तेलकट फडक्यात गुंडाळली आणि माझ्या खालच्या कप्प्यात दडवली! घरी म्हणाले, "काम लांबलं." मी कडी खडखडवली, पण माझं कोण ऐकतं?

असे सहा आठवडे गेले. मिस्त्री दोन दिवसांआड उशिरा येत आणि मालकीणबाई कपाटावरच्या बॅगेकडे बघत. एका संध्याकाळी मिस्त्री अंघोळीला गेले असताना त्यांनी माझं तबक उचललं. फडकं ओळखीचं होतं. ते हातात घेऊन त्या जमिनीवर बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने गाठ सोडली. पुस्तिकेत वारांपुढे पेन्सिलीच्या खुणा होत्या, एकही वार सुटला नव्हता.

मिस्त्री बाहेर आले ते दारातच थबकले.

"बाटली असती तर काय करायचं ते मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "हे का लपवलंत?"

"दहा वेळा तोंडाने सांगून झालं होतं. अकराव्यांदा सांगायची लाज वाटली. आधी टिकू दे म्हटलं." मग त्यांनी कुलपापासून लिफ्टपर्यंत सगळं सांगितलं.

"खोटं ते खोटंच," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "उद्या मी येणार. विश्वास बसला म्हणून नाही. डोळ्यांनी बघायला."

दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या बाईंनी दारात विचारलं, "आपण?"

मालकीणबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं. "मीपण लिफ्ट बघायला आलेय," त्या म्हणाल्या.

आता पुस्तिका वरच्या तबकात, पकडीशेजारी असते. बॅग अजून कपाटावर आहे, पण पोरीचा निळा फ्रॉक तिच्यातून बाहेर आला आहे. मालकीणबाई रोज माझा खालचा कप्पा उघडून वास घेतात. मिस्त्री स्वतःच तबक उचलून धरतात. मलाही बरं वाटतं, कारण आज पुसलेल्या पत्र्याला उद्या गंज चढणार नाही असं कोण सांगणार?

तर मित्रांनो, कुठे एखादी हिरवी पेटी दिसली आणि तिचा खालचा कप्पा रिकामा असला, तर जागा वाया जातेय म्हणून त्यात काही ठेवू नका. तो फार कष्टाने रिकामा झालेला आहे.