रेमेईचं रान

गावात आम्ही दोघंच उरलो होतो. वरच्या आळीला मी, मागी, आणि खालच्या आळीला रेमेई. तिचा नवरा इसिद्रे जाऊन सहा वर्षं झाली होती. सकाळी तिच्या धुराड्यातून धूर निघालेला दिसला की मला बरं वाटायचं. का, ते विचारू नका.

त्या ऑगस्टात तिचं ओकचं रान तांबूस पडलं. आठ महिने पावसाचा थेंब नव्हता. कोळसेवाल्यांनी कधीकाळी तोडलेल्या एकेका बुंध्यातून सात-आठ खोडं फुटून नुसती दाटी झालेली, आणि इसिद्रेनं हयातीत कधी कुऱ्हाड लावू दिली नव्हती.

"बघवत नाही रे मागी," रेमेई म्हणाली. "लेकीकडे शहरात, रेऊसला जावंसं वाटतं."

मी घाईघाईनं म्हटलं, "अगं, विरळणी करू. एका बुंध्याला दोनच खोडं ठेवायची. ताट एक आणि जेवणारे आठ, कुणाचं पोट भरणार?"

"पाणी नाही म्हणून झाडंच मारायची? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"जगली नाहीत तर मला शिव्या घाल."

"त्या आत्ताही घालते," ती म्हणाली. पण नको म्हणाली नाही.

हिवाळाभर एकटा राबलो, एकाहत्तराव्या वर्षी! कमरेचं पार वाटोळं झालं. चांगली सरळसोट खोडं पाडताना जीव तुटायचा. दुपारी रेमेई टोमॅटो चोळलेला पाव घेऊन यायची, पडलेली लाकडं बघून नाक मुरडायची आणि शेजारी बसून खायची. तेवढ्यासाठी मी आणखी दहा रानं तोडली असती.

पुढचा उन्हाळा त्याहून कोरडा गेला. पलीकडचा बेवारशी डोंगर करपून गेला. रेमेईचं रान मात्र हिरवं राहिलं. राहिलेल्या झाडांना जमिनीतली ओल पुरली. आता कशाला जाते ही रेऊसला, म्हणून मी खुशीत होतो.

सप्टेंबरात ती ठेवणीतले कपडे घालून दारात आली.

"मागी, तुझे उपकार कसे फेडू रे? शेवटच्या दिवशी इसिद्रेनं हात धरून शब्द घेतला होता, रान संकटात असताना सोडून जाऊ नकोस म्हणून. त्या शब्दात अडकून पडले होते. तू सोडवलंस मला. उद्या लेक गाडी घेऊन येतेय."

"वा, छान झालं," म्हटलं. दुसरं काय म्हणणार, कपाळ?

दुसऱ्या दिवशी गाडी वळणाआड दिसेनाशी झाली, तेव्हा मी तिच्या रानात उभा होतो. असा संताप आला स्वतःचा! मरू द्यायला हवं होतं मी ते रान.