सव्वापाचची दुरुस्ती

नववीच्या कॉम्प्युटरच्या वर्गाकडून मी एकच नियम घोकून घेतला होता: आपण लिहिलेला कोड दुसऱ्या कुणी वाचल्याशिवाय चालू प्रोग्रॅममध्ये चढवायचा नाही, आणि वाचणाऱ्याने खाली आपलं नाव लिहायचं. हे मी टेबल आपटून सांगायचो. मोठा शहाणा लागून गेलो होतो!

सोमवारी शाळा सुटल्यावर, मुलांनी ग्रंथालयासाठी केलेल्या प्रोग्रॅममध्ये मला एक बारीकशी खोट दिसली. मुंगीचा कॉम्प्युटर चालूच होता. मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यात चिवट मुलगी. तिच्याच खात्यातून मी दोन ओळी बदलल्या आणि कुणालाही न दाखवता चढवून मोकळा झालो.

मंगळवारी सकाळी अर्ध्या शाळेची पुस्तकं मुदत टळलेली दिसू लागली. ग्रंथपाल ओरडत होते, पहिलीतली पोरं रडत होती. मोठ्या बाई तणतणत वर्गात आल्या. मी ऐटीत बदलांची नोंद उघडली. तिथे मुंगीचं नाव होतं आणि माझ्या दोन ओळी. मोठ्या बाईंनी पडद्यावरचं नाव वाचलं आणि त्या मुंगीकडे वळल्या.

"तू केलंस हे?"

मुंगी उभी राहिली. तिने नोंदीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नाव माझंच आहे, बाई."

"उद्यापासून या वर्गात बसायचं नाही."

‘मी केलं’, एवढ्या दोन शब्दांचं काम होतं, पण जीभ रेटली नाही. घरी बायकोने विचारलं तर म्हणालो, डोकं दुखतंय. खरं तर स्वतःचीच शिसारी येत होती.

बुधवारी मधल्या सुट्टीत मुंगी दाराशी आली. हातात कागद.

"सर, ती चूक पुन्हा झाली तर लगेच सापडेल अशी चाचणी लिहिलीय. मला आता चढवता येणार नाही. पण कुणीतरी वाचायला हवी ना."

चाचणी चोख होती. वर तिने ती चूक चढवल्याची वेळ टिपली होती: सोमवार, सव्वापाच.

"तेव्हा मी घरी धाकटीला सांभाळत होते, सर."

"मग काल का नाही बोललीस?"

"मला वाटलं, तुम्ही बोलाल."

तिने पेन पुढे केलं. "वाचून झालं असेल तर खाली नाव लिहा."

मी लिहिलं आणि तोच कागद घेऊन मोठ्या बाईंकडे गेलो. त्यांनी माझी बिनपाण्याने केली आणि मुंगीला परत वर्गात घेतलं.

मुंगी अजूनही सगळ्यांत चांगलं काम करते. फक्त आता, मी नुसता तिच्या बाकाजवळून गेलो तरी, ती आधी आपलं खातं बंद करते.