सोन्यावरचा पातळ थर

प्रयोगशाळेत नवरा थर द्यायचा आणि बायको त्यावर डॉट सोडायची. काचपट्टीवर सोन्याचे कण असत, इतके बारीक की एवढ्याशा सोन्याकडे त्याच्या सासूबाईंनी ढुंकूनही पाहिलं नसतं. त्या कणांवर नवऱ्याचा पातळ थर, आणि त्या थरावर बायकोचे प्रकाश देणारे क्वांटम डॉट. सोनं जवळ असलं की डॉट कितीतरी पटींनी उजळतात. पण थेट सोन्याला चिकटले, तर सोनं त्यांचा प्रकाश गिळून बसतं. म्हणून मधला थर हवा.

गेले दोन महिने सूक्ष्मदर्शकाखाली नुसता अंधार होता. थर नीट बसत नाही, असं बायको जेवताना म्हणायची, झोपताना म्हणायची, आणि परवा तर प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांसमोरही म्हणाली. सरांनी त्याला एक शेवटची पट्टी करायला सांगितलं. तीही काळी निघाली तर थराचं काम दुसऱ्याकडे जाणार होतं. या कामावर त्याचा जीव होता.

शेवटची पट्टी त्याने स्वतः तिच्या खोलीत नेऊन दिली आणि दारातच रेंगाळला. बायकोने ती चिमट्यात धरली, नाक मुरडलं आणि सरळ अ‍ॅसिटोनमध्ये बुडवायला निघाली. दुसऱ्याने धुतलेला पेलासुद्धा पुन्हा धुऊन घेणारी बाई ती. त्याने धावत जाऊन तिचा हात धरला.

"रोज धुतेस?"

"मग? तुझ्या हातची वस्तू तशीच घेऊ?"

"अगं, अ‍ॅसिटोनमध्ये प्लास्टिक विरघळतं."

"प्लास्टिक कुठलं? थर काचेचा आहे ना?"

त्याने तिचा हात सोडला. काचेचा थर सोडून प्लास्टिकचा त्याने दोन महिन्यांपूर्वीच सुरू केला होता. सरांना सांगितलं होतं, मित्रांना सांगितलं होतं. बायकोला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

तिने पट्टी न धुता डॉट सोडले. सूक्ष्मदर्शकात ठिपके लख्ख उजळले. सर आले, डोळा लावून बराच वेळ बघत राहिले, आणि आज काय वेगळं केलं म्हणून विचारलं. नवऱ्याने तोंड उघडायच्या आत बायको बोलली.

"थर पहिल्यापासून चांगला होता, सर. मीच तो धुऊन टाकत होते."

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. आपली चूकही त्याने तिथल्या तिथे सांगायला हवी होती. पण लग्नाला इतकी वर्षं झाली, तिच्या तोंडून असलं वाक्य तो पहिल्यांदाच ऐकत होता, आणि ते जरा वेळ तसंच राहू द्यावं असं त्याला फार वाटलं. बायको त्याच्याकडे रोखून बघायला लागली, तेव्हा मात्र त्याने घसा खाकरला.