बर्फावरचं गाऱ्हाणं

दुबईत एका मॉलच्या पोटात बर्फाचा डोंगर उभा केलाय. त्याच्या मध्यावर लाकडी झोपडी आहे, स्कीइंग करून दमलेल्या पाहुण्यांना टेकायला. बोर्डावर तिचं भलतंच इंग्रजी नाव होतं. आता जो तो तिला 'व्हय म्हाराजा' म्हणतो. हे गमतीदार नाव कुणी ठेवलं, असं कुणी हसत विचारलं की माझं डोकं फिरतं.

आम्ही फावड्यांनी बर्फ सारखा करणारी माणसं, बहुतेक कोकणातली. हातमोजे बघता बघता ओले होतात. झोपडीत हीटर, पण आम्हाला दार बंद. "गेस्ट एरिया आहे," मॅनेजर देवदत्त साने म्हणायचा. आपलाच मराठी माणूस, म्हणून तर जास्त संताप यायचा. आमच्यातल्या भिवाची बोटं सुजून फुटली, त्याला चहाचा ग्लास धरवेना. साने म्हणाला, "क्रीम लाव."

एकदा मराठी कुटुंबांची सहल आली. आणणारे चंद्रहासशेठ, बडे कॉन्ट्रॅक्टर. यांच्याकडे आपलीच शे-दोनशे पोरं राबतात. साने लाडात येऊन म्हणाला, "भिवा, ते तुमचं मालवणी गाऱ्हाणं घाल ना! दोन मिनिटं. फॅमिलीज एन्जॉय करतील."

गावाकडे गाऱ्हाणं देवापुढे घालतात. एकजण मागणं मागतो आणि जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ते आमच्याकडे टाइमपास नसतं. देवासमोर हो म्हटलं की म्हटलं.

भिवा झोपडीसमोर उभा राहिला. टोपी काढली, फुटलेले हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्या बर्फाच्या डोंगरार जो कोण राखणदार आसात, तेका हात जोडून सांगतंय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. मोबाईल वर झाले.

"हयसर इल्ल्या लेकरांका सुखी ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सानेचा आवाज सगळ्यांच्या वर.

"जो कोण बर्फ खरवडता, तेका ह्या घरात येऊन हात शेकूक गावांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जो कोण तेच्या आड येयत, तेका तू बघून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

भिवानं नमस्कार केला, दार ढकललं आणि सरळ हीटरपाशी जाऊन बसला. आम्हीही मागोमाग.

साने आत धावला. "खलास! तमाशा पुरे. यल्ला, चला बाहेर!"

चंद्रहासशेठची छोटी मुलगी स्वानंदी दारात उभी होती. "But uncle, you said yes. Everybody said yes."

साने शेठकडे बघायला लागला आणि शेठ स्वतःच्या बुटांकडे. त्या दिवशी आम्हाला कुणी उठवलं नाही.

आठवड्याच्या आत भिवाला घरी पाठवलं. कारण काय, तर हात कामाचे राहिले नाहीत! ज्या थंडीनं हात गेले ती यांची, आणि अनफिट भिवा. दार पुन्हा बंद झालं.

सहलीचा व्हिडिओ मात्र घरोघर फिरला. लोक येऊन "व्हय म्हाराजा कुठंय?" विचारायला लागले. कंपनीनं दिव्यांचा नवा बोर्ड केला, त्यावर तेच नाव. भिवाच्या मागण्याची यांनी जाहिरात केली, काडीची लाज वाटली नाही.

काल सानेनं मला बोलावलं. "रामेश्वर, आता दर रविवारी तू घालायचं गाऱ्हाणं. ड्रेस देऊ, धोतर-फेटा."

"घालतो. भिवाला परत बोलवा आणि दार उघडा."

"डोकं ठिकाणावर आहे का? तूपण जाशील."

मी ओले हातमोजे काढून त्याच्या टेबलावर टाकले आणि झोपडीत शिरलो. पाहुणे बघत राहिले. हीटरपाशी बसलो, तशी मागून फावडी एकेक करून भिंतीला टेकल्याचा आवाज आला. सगळी गँग आत आली होती.

काढ म्हणावं आता सगळ्यांनाच.